मित्रांसोबत मुन्नारला बॅकपॅकिंग: सह्याद्रीच्या सवयीने होणाऱ्या या चुका टाळा

आपल्याकडच्या ट्रेकिंग ग्रुपला मुन्नार सोपं वाटतं. तोही पश्चिम घाटच, डोंगर हिरवेगार, डांबरी रस्ता वरपर्यंत गेलेला. हरिश्चंद्रगड, राजगड करणाऱ्यांना तिथे काय अवघड जाणार? अडचण नेमकी या ओळखीतून सुरू होते. किल्ल्यावर जायला आपण सहसा कुणाला विचारत नाही. रात्री निघायचं, पहाटे माथा गाठायचा, देवळात नाहीतर गुहेत पथारी टाकायची, पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी सांगून ठेवायची. मुन्नारला यातलं जवळपास काहीच चालत नाही. तिथला प्रत्येक उतार कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात आहे: चहा कंपनीच्या, वनखात्याच्या, नाहीतर हत्तींच्या. खाली लिहिलेल्या बऱ्याचशा चुका हे लक्षात न घेतल्यामुळे होतात. आणि त्या नवख्यांपेक्षा डोंगरात मुरलेल्या लोकांकडून जास्त होतात, म्हणून हे मुद्दाम ट्रेकर मंडळींसाठी लिहितो आहे.

चहाच्या ओळींत कुठूनही शिरणं

रस्त्याकडेला गाडी थांबते, सगळे उतरतात आणि फोटोसाठी सरळ झुडपांत घुसतात. हे रोज, दिवसभर, प्रत्येक वळणावर चाललेलं असतं. चहाचा मळा ही खासगी जागा आहे आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती कामाची जागा आहे. मुन्नारच्या आसपासची बरीचशी लागवड कण्णन देवन हिल्स प्लांटेशन्स या कंपनीकडे आहे. २००५ मध्ये ही कंपनी उभी राहिली तेव्हा कामगारांनाही तिचे भागधारक करून घेतलं होतं. म्हणजे ज्या ओळी आपण तुडवतो, त्यांत खुडणाऱ्या बाईचाही वाटा असू शकतो.

झुडपं कमरेएवढी दिसतात ती निसर्गतः तशी नसतात. चहाला मोकळं सोडलं तर त्याचं चांगलं झाड होतं. वर्षानुवर्षं छाटून त्याचा माथा सपाट ठेवलेला असतो, कारण खुडायची कोवळी पालवी त्याच थरावर येते. दोन झुडपांच्या मधून अंग घुसवलं की तो माथा मोडतो. बाहेरून ते दिसत नाही, पण त्या जागी पुढचे काही हप्ते खुडायला काही मिळत नाही.

आता पायांचं बघा. ओळींच्या मधली जमीन सपाट असेल असं वरून वाटतं. ती नसते. डोंगराच्या उतारावर पाण्याने माती वाहून जाऊ नये म्हणून मळ्यात ठिकठिकाणी चर खणलेले असतात आणि दोन्ही बाजूंची पानं एकमेकांत गुंतल्यामुळे ते अजिबात दिसत नाहीत. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. पाठीवर बारा-पंधरा किलोची सॅक असेल तर घोटा मुरगळणार हे नक्की. पानं खुडणाऱ्या बायका पायात गमबूट, कमरेला जाड कापड किंवा प्लास्टिक गुंडाळून उगाच जात नाहीत. छाटलेल्या फांद्यांची टोकं पोटऱ्या सोलून काढतात आणि आत साप असतात.

तिसरी गोष्ट फवारणी. कोवळं पान तोडून चघळायचा मोह सगळ्यांना होतो. त्याला चहाची चव नसते, नुसतं तुरट-कडू लागतं. चव येते ती पान कोमेजवून, वळून, आंबवून, वाळवल्यावर. पण त्या पानावर औषध कधी मारलं हे तुम्हाला ठाऊक नसतं. पान तोंडात घालू नका. फवारणी चालू दिसली तर वारा जिकडून येतो त्या बाजूने लांबून जा.

मग मळा बघायचाच नाही का? बघा की. एस्टेटच्या कच्च्या रस्त्याने, फाटकावर विचारून, रस्ता न सोडता चाला. मळ्यात चालण्याची परवानगी असलेले स्थानिक वाटाडे मिळतात. एक सकाळ त्यांच्यासोबत घालवलीत तर छाटणीचं वर्ष आणि खुडणीचं वर्ष यांतला फरक, सावलीसाठी लावलेले सिल्व्हर ओक, त्यांवर चढवलेले मिरीचे वेल हे सगळं समजून घेता येतं. चहाचं संग्रहालय बघायचं असेल तर ते सोमवारी बंद असतं, हेही लक्षात ठेवा.

खुडणाऱ्या बायकांचे फोटो हा वेगळा विषय आहे आणि मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो. आता बहुतेक ठिकाणी हाताऐवजी कात्रीने खुडतात, कात्रीलाच पानं झेलणारा डबा जोडलेला असतो. दिवसाला ठरावीक किलो भरायचेच असतात आणि त्याच्या वर जितकं वजन भरेल त्याचे जास्तीचे पैसे मिळतात. तुम्ही ‘जरा इकडे बघा’ म्हणून पाच मिनिटं थांबवलंत की ती पाच मिनिटं तिच्या वजनातून जातात. २०१५ मध्ये याच बायकांनी बोनस आणि मजुरीसाठी मुन्नारचे रस्ते अडवले होते, प्रस्थापित संघटनांना बाजूला ठेवून. ‘पोंबिळै ओरुमै’ या नावाने ते आंदोलन देशभर गाजलं. त्यांच्याकडे रंगीत पार्श्वभूमी म्हणून बघू नका. फोटो हवा असेल तर आधी विचारा, नाही म्हणाल्या तर पुढे चला, हो म्हणाल्या तर लांबून, काम न थांबवता घ्या. आणि इथे केरळात असूनही मल्याळमपेक्षा तमिळ जास्त उपयोगी पडतं, कारण मळ्यातली बहुतेक कुटुंबं पिढ्यांपूर्वी तमिळ मुलखातून आलेली आहेत. ‘वणक्कम’ आणि ‘नन्री’ एवढे दोन शब्द तरी पाठ करून जा.

वाट दिसते म्हणून चालत सुटणं

आपल्याला डोंगरात मळलेली वाट दिसली की पाय आपोआप वळतात. मुन्नारला ही सवय जिवावर बेतू शकते. हे मी वाढवून सांगत नाही.

११ मार्च २०१८ रोजी कोळुक्कुमलै हा डोंगरमाथ्यावरचा चहामळा आणि खाली तमिळनाडूतलं कुरंगणी गाव यांच्या मधल्या उतारावर वणवा पेटला आणि ट्रेकिंगला आलेले तरुण-तरुणी त्यात सापडले. वीसहून अधिक जणांचा जीव गेला. मार्चमधलं वाळलेलं गवत, खालून वर धावणारा वारा आणि पळायला जागा नसलेला उभा उतार. गवताळ डोंगरावर आग चढणीच्या दिशेने माणसापेक्षा वेगाने धावते. त्या घटनेनंतर तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी ट्रेकिंगसाठी स्वतंत्र नियमावली आणली. आजही इंटरनेटवर त्या वाटेचे जुने नकाशे आणि ट्रॅक फिरतात. फोनमध्ये ट्रॅक असणं म्हणजे परवानगी असणं नव्हे.

इथे दोन राज्यांची हद्द डोंगराच्या धारेवरून जाते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. कोळुक्कुमलैला जीप जाते केरळातल्या सूर्यनेल्लीहून, पण मळा आहे तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात. टॉप स्टेशन या धारेवरच्या ठिकाणाचंही तसंच. केरळच्या बाजूने मिळालेली परवानगी पलीकडच्या उतारावर चालत नाही. टॉप स्टेशनच्या पुढे कोडाईकनालकडे जाणारा जुना रस्ता नकाशावर ठळक दिसतो आणि ‘दोन दिवसांत चालत कोडाईकनाल’ असा बेत दर वर्षी कुणीतरी आखतंच. तो रस्ता जंगलात बंद केलेला आहे. त्या नादाला लागू नका.

चालायचंच असेल तर मीशपुलीमला आहे. २,६४० मीटरचं हे शिखर दक्षिणेतल्या सगळ्यात उंच शिखरांपैकी एक. केरळ वन विकास महामंडळामार्फत आधी नोंदणी करून, त्यांच्या मुक्कामाच्या जागी राहून, वाटाड्यासोबतच तिथे जाता येतं. ही नोंदणी घरूनच करा. मुन्नारला पोचल्यावर ‘बघू काहीतरी’ म्हणणारे ग्रुप हात हलवत परत येतात किंवा एखाद्या भलत्याच माणसाला पैसे देऊन चोरवाटेने जातात, आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा फार वाईट आहे. आनमुडी, २,६९५ मीटर, हिमालयाच्या दक्षिणेला भारतातलं सर्वोच्च शिखर. पण ते एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात येतं आणि ‘चला, माथा मारून येऊ’ असा तो प्रकार नाही. उद्यानाच्या बसने राजमलापर्यंत जायचं, ठरवून दिलेल्या रस्त्यावर चालायचं, निलगिरी ताहर (इथल्या रानबकऱ्या) बघायचे आणि परत यायचं.

महिना न बघता तिकिटं काढणं

रेल्वेचं तिकीट मिळालं की तारीख ठरली, असं आपलं असतं. मुन्नारसाठी आधी महिना ठरवा.

एरविकुलम उद्यान ताहरांच्या विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, पर्यटकांना बंद ठेवतात. जे ताहर बघायलाच निघालेत त्यांनी हे महिने टाळावेत. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोसळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे आकाश मोकळं होतं म्हणून तिथेही होईल असं धरून चालू नका. तेव्हा परतीचा ईशान्य मोसमी पाऊस असतो, सकाळ लख्ख आणि दुपारी विजांचा कडकडाट. या दिवसांत चालायचं सकाळी, आणि दोनच्या सुमारास धारेवरून खाली आलेलं असायचं. वीज कडाडायला लागली तर एकट्या उभ्या सिल्व्हर ओकखाली आडोसा घेऊ नका.

आणखी एक भ्रम नीलकुरिंजीचा. ही झुडपं बारा वर्षांनी एकदा फुलतात. मुन्नारचा मोठा बहर २००६ मध्ये झाला, मग २०१८ मध्ये. पुढचा २०३० मध्ये अपेक्षित आहे. मधल्या एखाद्या वर्षी कुठल्याशा वेगळ्या डोंगरावर थोडी फुलं दिसतात आणि ‘मुन्नार निळं झालं’ असे व्हिडिओ फिरू लागतात. त्यावर विसंबून रजा टाकू नका.

पावसाळ्यात जायचंच असेल तर दरड ही शक्यता नव्हे, नेहमीची गोष्ट समजून बेत आखा. ऑगस्ट २०२० मध्ये राजमलाजवळच्या पेट्टिमुडीत मळ्यातल्या कामगारांच्या घरांच्या रांगांवर डोंगर कोसळला आणि सुमारे ७० माणसं गेली. १९२४ च्या महापुराने तर मुन्नारची अख्खी रेल्वे वाहून नेली. कुंडळा खोऱ्यातून टॉप स्टेशनपर्यंत चहा नेणारी ती छोटी गाडी होती, तिथून रोपवेने पेट्या खाली कुरंगणीच्या बाजूला उतरायच्या. ती रेल्वे पुन्हा उभी राहिली नाही. निघण्याआधी आणि तिथे असताना रोज सकाळी हवामान खात्याचा इशारा बघा, तोही एका जिल्ह्याचा नाही, मुन्नारचा इडुक्की आणि पलीकडचा थेनी दोन्हींचा. लाल किंवा नारिंगी इशारा असेल तेव्हा प्रशासन घाटातली रात्रीची वाहतूक आणि पर्यटनस्थळं बंद करतं. परतीच्या रेल्वेच्या आदल्या दिवशीच खाली उतरून आलुव्याला किंवा एर्नाकुलमला मुक्काम ठेवा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, तेही एकदा तपासा.

तिथे असताना पाऊस थांबायचंच नाव घेत नसेल तर खोलीत पत्ते कुटत बसण्यापेक्षा मरयूरला जा, साधारण ४० किलोमीटर. हा भाग पर्जन्यछायेत येतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये मुन्नार भिजत असताना मरयूर-चिन्नार बाजूला बऱ्याचदा ऊन असतं. तिथे चंदनाची राखीव जंगलं आहेत, उसाची शेतं आणि गुऱ्हाळं आहेत, मुनियरा म्हणतात ती दगडी शिळांची प्राचीन दफनस्थळं आहेत. मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण त्या भागाचा पाऊस तेव्हाच येतो.

दुपारच्या हवेवरून कपडे ठरवणं

कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. मुन्नारचं गावच जवळपास त्या उंचीवर वसलेलं आहे आणि पुढे जे बघायला जाता ते बहुतेक त्याच्याही वर. टॉप स्टेशन सुमारे १,९०० मीटर, कोळुक्कुमलै दोन हजारांच्या पुढे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी टी-शर्टवर फिरता येतं आणि पहाटे चेंडुवरैसारख्या भागात गवतावर पांढरं दव गोठलेलं असतं, पारा शून्याच्या आसपास. सूर्योदयासाठी कोळुक्कुमलैला जाणारी जीप उघडी असते आणि सूर्यनेल्लीहून अंधारातच निघते. विंडचीटर आणि कानटोपी नसेल तर माथ्यावर पोचेपर्यंत दात वाजू लागतात आणि समोर ढगांचा समुद्र असूनही लक्ष गाडीत परत कधी बसतो याकडे लागतं.

जीन्स नेऊ नका. ती एकदा भिजली की त्या धुक्यात दोन-तीन दिवस वाळत नाही. पटकन वाळणाऱ्या दोन पँट, एक फ्लीस, एक पोंचो आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला झोपायचा कोरडा जोड. तो जोड काहीही झालं तरी चालायला वापरायचा नाही. ऊनही फसवं असतं. हवा गार असल्याने भाजलेलं कळत नाही आणि रात्री मान व नाक सोलायला लागतात. पाणीही तहान लागायची वाट न बघता पीत राहा.

उंचीचा त्रास या उंचीवर सहसा होत नाही. होतो तो गाडी लागण्याचा. नेरियमंगलमचा पूल ओलांडला की अडिमालीपर्यंत आणि पुढे मुन्नारपर्यंत वळणंच वळणं. ज्याला गाडी लागते त्याने गोळी घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या घ्यायच्या नाहीत.

जळवांना फार घाबरू नका. पावसाळ्यात गवतातून चाललात तर त्या लागणारच. ओढून काढू नका, काडीने चटका देऊ नका. नखाने तिचं तोंड कातडीपासून बाजूला सरकवायचं, ती सुटते. रक्त बराच वेळ वाहतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो. जखम धुऊन दाबून पट्टी बांधा. पँट मोज्यांत खोचली की अर्धं काम होतं.

हत्ती ‘दिसला तर मजा’ असं समजणं

मुन्नारच्या मळ्यांत रानहत्ती फिरतात. चिन्नकनाल, आनयिरंगल, माट्टुपेट्टी हा सगळा त्यांच्या येण्या-जाण्याचा पट्टा. चिन्नकनालचा अरिकोंबन नावाचा हत्ती घरं आणि रेशनची दुकानं फोडतो म्हणून २०२३ मध्ये वनखात्याला तिथून हलवावा लागला. स्थानिक लोक हत्तींना नावाने ओळखतात, आणि म्हणूनच अंधार पडल्यावर पायी बाहेर पडत नाहीत.

आपल्याकडची नाइट ट्रेकची हौस इथे आणू नका. संध्याकाळी सहानंतर आणि उजाडण्याआधी एस्टेटच्या रस्त्यावर चालणं नाही, दुचाकी नाही. आज हत्ती कुठे आहेत हे होमस्टेच्या मालकाला रोज विचारा; त्यांना बहुतेक वेळा ठाऊक असतं, कारण बातमी फोनवर फिरत असते. रस्त्यात हत्ती दिसला तर लांब थांबा, इंजिन चालू ठेवा, हॉर्न नाही, फ्लॅश नाही, उतरून जवळ जाणं तर नाहीच. तंबूत केळी आणि गूळ ठेवून झोपू नका. जंगलालगत शेकोटीही पेटवू नका. २०१८ चा वणवा आठवा. उदुमलपेट-मरयूर हा चिन्नार अभयारण्यातून येणारा रस्ता रात्री वाहनांना बंद असतो, म्हणून तमिळनाडूच्या बाजूने येणाऱ्यांनी उजेडातच चौकी ओलांडायची.

‘मुन्नार’ वाचून खोली घेणं

बुकिंगच्या ॲपवर स्वस्त आणि सुंदर दिसणाऱ्या खोल्यांवर ‘मुन्नार’ लिहिलेलं असतं. पत्ता उघडून बघा. त्यातल्या कितीतरी आनच्चाल, चित्तिरपुरम, पळ्ळिवासल किंवा चिन्नकनालला असतात, म्हणजे गावापासून दहा ते वीस किलोमीटर. स्वतःची गाडी असणाऱ्याला फरक पडत नाही. बसने फिरणाऱ्या बॅकपॅकरला पडतो, कारण संध्याकाळनंतर बस मिळत नाही आणि रिक्षाचं भाडं खोलीच्या बचतीला गिळून टाकतं. बसस्टँडपासून चालत जाता येईल अशी जागा घ्या, किंवा दोन मुक्काम मुन्नारला आणि एक सूर्यनेल्लीला असा बेत करा, म्हणजे कोळुक्कुमलैसाठी मध्यरात्री घाट ओलांडावा लागत नाही.

मुन्नारला रेल्वे नाही. सोयीचं स्टेशन आलुवा, तिथून ११० किलोमीटर, बसला चार तासांच्या वर लागतात. तिथून सकाळीच निघा. उजेडात गेलात तर वाटेतले वाळरा आणि चीयप्पाराचे धबधबेही दिसतात. रोख पैसे गावातच काढून ठेवा, कारण वर नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या.

भाड्याच्या स्कूटरबद्दल थोडं. भाड्याने द्यायला परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात; पांढऱ्या पाटीची गाडी घेतलीत आणि अपघात झाला तर विमा मिळताना अडचण येते. हेल्मेट दोघांनाही हवं. उतारावर स्कूटरला गिअरचा आधार मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि सतत दाबून धरला तर ब्रेक तापून पकड सोडतो. म्हणून वेग मुळातच कमी ठेवायचा, दाबायचं-सोडायचं करत उतरायचं, आणि ब्रेक ढिला वाटला की थांबून निवू द्यायचा. धुक्यात अप्पर दिवा लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपर ठेवा.

बारा जणांची टोळी

किल्ल्यावर जितके जास्त तितकी मजा. इथे चार ते सहा हा आकडा योग्य, कारण एका जीपमध्ये तेवढेच मावतात. सात झाले की दोन जीप, दोन खोल्या, दोन मतं. ग्रुप मोठाच असेल तर आधीच दोन गट पाडा आणि प्रत्येक गटाला स्वतःचा बेत ठरवू द्या. रात्री एकत्र जेवा.

भांडणं होतात ती पहाटे. कोळुक्कुमलैला जायचं ठरलेलं असतं, तीन वाजता दोघांना झोप सोडवत नाही आणि बाकीचे दारात उभे. याचा निकाल आदल्या रात्री लावा: कोण येणार, कोण नाही, जीपचे पैसे कुणात वाटले जाणार. न येणाऱ्याला त्यावरून टोमणे मारायचे नाहीत. पैशांचं सामाईक पाकीट एकाकडे असावं आणि हिशोब रोज रात्री ग्रुपवर टाकावा. शेवटच्या दिवसासाठी साठवला की आकडे जुळत नाहीत आणि मनं दुखावतात. आवाजाचंही भान ठेवा. मळ्याच्या खोऱ्यात स्पीकरचा आवाज फार लांब जातो आणि खाली पहाटे कामावर जाणारी माणसं झोपलेली असतात.

चालताना मात्र आपली सह्याद्रीतली शिस्त जशीच्या तशी न्या. पुढे लीड, शेवटी बॅक-लीड, सगळ्यात हळू चालणारा लीडच्या मागे. धुकं दहा मिनिटांत उतरतं आणि समोरचा माणूस दिसेनासा होतो. कुणी मागे राहिलं, हाकेला ओ देत नाही, फोन लागत नाही, अशा वेळी सगळे पांगून शोधायला जाऊ नका. दोघांनी शेवटच्या एकत्र थांब्यापर्यंत मागे जायचं, बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. आणि हरवणाऱ्याने काय करायचं हेही आधीच सांगून ठेवा: ओढ्याच्या काठाने खाली उतरायचं नाही, ओढा कड्यावर नेऊन सोडतो. गाडीवाट गाठायची. मळ्यातले बहुतेक कच्चे रस्ते पान वाहून नेण्यासाठी केलेले आहेत, त्यामुळे ते शेवटी वजनाच्या शेडपाशी, वस्तीवर किंवा कारखान्यावर पोचतात आणि तिथे माणूस भेटतोच.

घोटा मुरगळला तर बूट काढण्याची घाई करू नका. पायी उतरायचं असेल तर बूट घट्ट बांधून आधार देत खाली या, मग पाय उंच ठेवून थंड शेक आणि क्रेप बँडेज. चार पावलंही टाकवत नसतील तर हाड मोडल्याची शक्यता धरून दवाखाना गाठा. मोठी अडचण असेल तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. नेटवर्क नसेल तर जवळच्या वस्तीकडे जा. मळ्यातली माणसं मदतीला धावून येतात.

चहाची खरेदी घाईत उरकणं

शेवटच्या दिवशी, बस सुटायला वीस मिनिटं असताना, मसाल्याच्या दुकानातून उघड्या बरणीतला चहा घेणं ही सर्रास होणारी चूक. चहा भोवतालचा वास पटकन ओढून घेतो. वेलची, लवंग, मिरीच्या पोत्यांशेजारी पडलेल्या चहाला स्वतःची चव उरत नाही. बंद पाकीट घ्या, त्यावरची पॅकिंगची तारीख वाचा, शक्य असेल तर कारखान्याच्या किंवा कंपनीच्या दुकानातूनच घ्या.

आणि कोणता चहा घेता ते बघा. आपल्या घरी दूध घालून उकळतात तो दाणेदार, सीटीसी पद्धतीचा. कोळुक्कुमलैला मिळतो तो ऑर्थोडॉक्स, म्हणजे पान वळून केलेला. तो घरी आणून आलं-दूध घालून खळाखळा उकळला की ‘फिकाच आहे’ अशी तक्रार होते, आणि मग तो डबा फडताळात मागे जातो. त्याला उकळून गॅस बंद केलेलं पाणी आणि तीन-चार मिनिटं झाकण एवढंच लागतं, दूध नकोच. घरच्यांसाठी सीटीसी घ्या, स्वतःसाठी थोडा ऑर्थोडॉक्स, आणि परतताना सॅकमध्ये मसाल्यांपासून लांब, कोरड्या कपड्यांच्या मधोमध ठेवा.